झावळ्यांच्या रविवारचा फोटो

चर्चमधली शुक्रवारची उपासना संपली आणि पोरं उसळ भरलेल्या पावांवर तुटून पडली. रफीक कॅमेरा पिशवीत ठेवत होता. एरवी तो औषधाच्या दुकानात बसे आणि चर्चचे फोटो फुकट काढी. फुकटच्या कामाला कुणी नावं ठेवत नाही, म्हणून त्याला ते काम फार आवडे.

काळ्या कपड्यांतली एक बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. उम्म मोहराईल. लेक तापाने गेली तरी मोहल्ला तिला मोहराईलची आई म्हणूनच हाक मारत होता.

"रफीकभाऊ, रविवारी तिचा चाळिसावा दिवस आहे. आठवणीची कार्डं छापायचीत. तिचा तो फोटो द्या."

"कुठला?"

"झावळ्यांच्या रविवारचा. काकांनी मला एकटीला उभं करून काढला, असं म्हणत नाचत घरी आली होती. झावळीचा मुकुट डोक्यावर ठेवूनच झोपली."

रफीकने कॅमेऱ्याची पिशवी बंद केली. तो फोटो त्याने काढलाच नव्हता. चर्चचं इंटरनेटवरचं पान कॅनडापासून ऑस्ट्रेलियापर्यंतची आपली माणसं बघतात, तिथे गोंडस चेहरे हवेत, असं तासोनी नेव्हीनने त्याला बजावलं होतं. तासोनी म्हणजे संडे स्कूलची मोठी ताई, तिचा शब्द कोण मोडणार? आणि मोहराईलचा अर्धा चेहरा उकळत्या तेलाने भाजलेला. झावळ्यांच्या सणाला पोर सारखी मध्ये मध्ये येत होती. काका, माझा. काका, आता माझा. शेवटी त्याने तिला कोपऱ्यात उभं केलं, नुसता फ्लॅश उडवला आणि म्हणाला, झकास आला. पोरीचं मन राखलं, ह्या समाधानात तो त्या दिवशी पोटभर जेवला होता.

"घरी नाही का एखादा?" त्याने विचारलं.

"तान्हेपणीचा आहे. भाजल्यावर मीच कधी तिच्यासमोर फोन धरला नाही. ऑपरेशन झालं की काढू म्हटलं." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "रोज माझ्या फोनवर चर्चचं पान उघडायची. म्हणायची, माझा अजून आला नाही. मी म्हणायचे, चांगले फोटो मागाहून येतात गं."

पाव वाटता वाटता तासोनी नेव्हीन जवळ आली. तिला सगळं ठाऊक होतं.

"अगं, फोटोचं काय घेऊन बसलीस? लेकरं गेली की देवदूत होतात. एखाद्या देवदूताचं चित्र छाप. कार्डही देखणं दिसेल."

"देवदूत माझ्या पोटी आला नव्हता, तासोनी."

नेव्हीन पाव घेऊन पुढे गेली.

"त्या दिवशीचे शेवटचे काही फोटो उडाले, ताई," रफीक म्हणाला. "तिचा त्यातच होता." खोटं बोलताना त्याचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

उम्म मोहराईल रडली नाही. उलट तिनेच त्याच्या दंडावर हात ठेवला. "तुमचा काय दोष? तुम्ही निदान काढलात तरी. बाकी कुणी तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही."

रफीकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दारापर्यंत गेली आणि परत आली.

"संतांची चित्रं काढतो ना गिर्गिस, तो म्हणाला, फोटो नसला तरी मी काढून देतो. चेहरा मी सांगेन त्याला. पण त्या दिवशी ती उभी कशी होती, ते फक्त तुम्हीच पाहिलंत. तेवढं सांगा."

"सरळ उभी होती. मुकुट घालून. हसत होती."

"हसत होती?" कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा जरा फुलला. "आणि मान? भाजलेली बाजू लपवायची सवय होती तिला."

"हो, लपवलीच होती," रफीक घाईने म्हणाला. "डावा गाल पुढे केला होता. चांगला."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"डावाच भाजला होता, भाऊ."