गार पडलेलं हाड

“आज नाही,” डॉक्टरीण म्हणाली आणि पांघरूण परत ओढून दिलं. कालही तिने हेच सांगितलं होतं, परवाही हेच. मग तिचा जाड टाचेचा बूट ठक ठक करत व्हरांड्यातून लांब गेला.

खाटेवरची फेलिसियाना तो आवाज विरेपर्यंत ऐकत राही. लंगडत्या चालीवरूनच तिने डॉक्टरणीला पहिल्या दिवशी ओळखलं होतं. नोएमी. पेरूच्या झाडावरून पडलेली, कॉफीच्या मळ्यातली पोर. तिचा घोटा फेलिसियानानेच कोंबडीची चरबी चोळचोळून, कामट्या बांधून बसवला होता. तो वाकडा जुळला. लेंपीराच्या डोंगरात हाडं बसवावीत तर हिनेच, म्हणून लोक तिला मानाने दोन्या म्हणत. पण त्या एका घोट्याची गोष्ट निघाली की दोन्या चुलीत लाकूड सारायला उठे.

आता तिचाच घोटा दोन्ही बाजूंनी मोडला होता, बाजारात मक्याचं पोतं उतरवताना. आत धातूची पट्टी आणि स्क्रू घातल्याशिवाय पाय टेकता येणार नाही, हे डॉक्टरणीनेच सांगितलेलं. मग थांबायचं कशाला? हाड गरम आहे तोवरच बसवायचं, गार पडलं की जन्माचं लंगडेपण. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. म्हणजे ही पोर मुद्दाम हाड गार पडू देत होती. जुनं उट्टं काढत होती. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, मग उठून घरी जा की. पण घरी जाऊन दाखवायचं कुणाला? तिथे हाडं बसवणारी ती स्वतःच.

सकाळी बूट पुन्हा वाजला. फेलिसियानाने आटोलचा, मक्याच्या पेजेचा, पेला खाली ठेवला. डॉक्टरणीने पाय हातात घेतला आणि घोट्याची कातडी हलकेच चिमटीत धरली.

“सूड घ्यायचा तर एकदाच घे, पोरी,” फेलिसियाना म्हणाली. “असं रोज रोज मारू नकोस. मी ओळखलंय तुला.”

“मीही तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं.”

चिमटीखालच्या कातडीवर बारीक सुरकुत्या पडल्या. नोएमीने त्या नीट पाहिल्या, आणि नर्सला हाक मारून शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितलं. मग ती खाटेच्या कडेला टेकली.

“सूज उतरायची वाट बघत होते, दोन्या,” ती म्हणाली. “माझ्या वेळी कुणी बघितली नव्हती.”