दुसरी रेघ

तस्नीमची नवी चाचणी-पट्टी दहा मिनिटांत कोंबड्यांचा मानमोडी रोग ओळखते, असं प्रयोगशाळेत जो तो सांगत होता. मानमोडीच्या लशीवर बारा वर्षं खपलेल्या पोंक्षेबाईंच्या ते जिव्हारी लागलं.

पट्टी खोटी पाडायला त्यांनी लस टोचलेल्या आपल्याच ठणठणीत कोंबड्यांच्या घशातला नमुना नाव न लिहिता तिच्यापुढे ठेवला. पट्टीवर दुसरी, रोगाची रेघ उमटली.

“मॅडम, या कोंबड्या लगेच वेगळ्या करायला हव्यात. कुठल्या आहेत?”

“सांगते शुक्रवारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर,” बाई म्हणाल्या. कधी नव्हे ते दोन दिवस त्या गुणगुणत होत्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या, उरलेल्यांच्या माना पिळवटल्या होत्या.

बाईंनी आधी मागे वळून पाहिलं, तस्नीम आली नाही ना.