दोन हातांची रॅकेट

बॅकहँड एकाच हातानं मारायचा, हा नेवेन्काच्या वडिलांचा हट्ट होता. स्प्लिट शहरातल्या टेनिस क्लबात सगळ्यांदेखत ते तिला म्हणायचे, "दोन हातांनी कुऱ्हाड चालवतात." तेराव्या वर्षी तिनं त्यांच्या नाकावर टिच्चून दुसरा हात लावला, आणि त्यांनी तिचे सामने बघणंच सोडलं.

ते गेल्यानंतर, पन्नाशीला आलेली नेवेन्का तेव्हाचीच जुनी रॅकेट घेऊन टोंकोकाकांकडे गेली. तिच्या रॅकेटच्या तारा लहानपणापासून तेच ओवायचे. मुठीवरचं चामडं आता पार फाटलं होतं.

"काका, मी दुसरा हात लावला आणि ही जादू झाल्यासारखी हलकी झाली होती."

"जादू कसली, पोरी? एका हाताच्या फटक्याला रॅकेट जड लागते, वजन मुठीकडे लागतं. म्हणून तुझ्या बाबानं मुठीत शिसं भरलं होतं. तू दुसरा हात लावलास, त्याच संध्याकाळी तो इथं आला. म्हणाला, हे काढ, चिमूटभर टोकाला लाव; आता तिच्याकडे दोन हात आहेत."

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"मी विचारलं होतं. म्हणाला, 'मला पटलंय हे कळलं, तर कार्टी पुन्हा एका हातानं खेळेल.'"