टॅपेटची टिकटिक

तुळशीरामनं टॅपेटचा नट आणखी पाव फेरा सैल केला, किक मारली आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली. इंजिन धपधपत होतं. टिकटिक मात्र नव्हतीच.

गाडी दुरुस्तीला घेऊन आलेल्या विहंगच्या आजोबांची, साठ सालची ब्रिटिश रेसिंग मोटरसायकल. तिचा कॅम शर्यतीचा, वाल्व झटक्यानं उचलणारा. अशा इंजिनात वाल्वला ढकलणाऱ्या टॅपेटमध्ये जराशी फट लागते, आणि फट बरोबर असली की बारीक टिकटिक येते. टॅपेट गप्प असला तर वाल्व पुरता बसत नाही, जळून जातो. फट मोजायच्या फीलर पत्त्या तुळशीरामकडे होत्या, पण त्या डब्यातच गंजत पडल्या होत्या. बुढापारा मोहल्ल्यात मेकॅनिक म्हणून त्याचं नाव होतं ते कानामुळं.

आज अंगात जीवच नव्हता. कामानं तो कधी थकला नाही. घरातल्या अबोल्यानं त्याला थकवलं होतं. तीन महिन्यांपूर्वी बायकोनं, अंजनाबाईनं, त्याचा जपून ठेवलेला जुना कॅम भंगार समजून कबाड्याला देऊन टाकला. तुळशीराम नको नको ते बोलला. दोन दिवस ती रडली आणि मग तिचा तो बारीक आवाज घरातून नाहीसाच झाला. रोज सकाळी मान खाली घालून डबा भरायची, हातात द्यायची आणि दारात उगाच क्षणभर उभी राहायची. तो तिच्याकडे न बघता निघायचा. चूक तिची, मग आधी मी काहून बोलू? आता त्याला या हट्टाचाही वीट आला होता.

त्यानं आणखी पाव फेरा सैल केला. किक. पुन्हा तेच.

"काका, बस करो!" विहंग कानांवर हात ठेवून ओरडला. "कितना ढीला करोगे? खटखट पूरे मोहल्ले में सुनाई दे रही है!"

"खटखट? कुठं?"

विहंग त्याच्याकडे बघतच राहिला. "आपको सुनाई नहीं दे रही?"

तुळशीरामनं इंजिन बंद केलं. पत्त्यांचा डबा उघडला, पत्त्या फडक्यानं पुसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा पत्ती घालून फट लावली. गाडी विहंगच्या हवाली करून त्यानं भर दुपारी शटर ओढलं आणि न उघडलेला जेवणाचा डबा घेऊन तो घरी आला.

अंजनाबाई ओट्यापाशी विळीवर भाजी चिरत बसली होती. त्याला अवेळी आलेला पाहून तिनं मान वर केली. आज कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

तिचे ओठ हलत होते.

"मोठ्यानं बोल," तो कसाबसा म्हणाला. "मले ऐकू येत नाही."

विळी बाजूला सारून ती उठली. मग डोळ्यांना पदर लावून, शेजारच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "रोज सकाळी विचारून राहिली ना मी, राग गेला काय म्हणून!"