लाल दोरा

सोलापूरच्या वेशीबाहेर प्लेगच्या इस्पितळात नव्या औषधाचा प्रयोग चालला होता. एकाआड एका रोग्याला त्याची सुई द्यायची, मधल्यांना नेहमीचंच औषध. सुई दिली की ओळखीसाठी मनगटाला लाल दोरा बांधायचा. मायाक्काचा नवरा बिरप्पा नेमका मधला निघाला. काखेतली गाठ टरारून आली होती आणि तो तापात बरळत मेंढरांना हाका मारत होता. शेजारच्या खाटेवरचा विणकर मात्र उठून आंबील मागू लागला. त्याच्या हाताला दोरा होता. "ती सुई कुणाला देत्यात, बाई?" मायाक्कानं नर्सला विचारलं. "लाल दोरेवाल्यांना," नर्स घाईत म्हणाली. मायाक्कानं मोठ्या डॉक्टरांचे पाय धरले. "आमच्या मालकाला बी बांदा की दोरा!" "सगळ्यांनाच दिलं तर औषधाचा गुण कळायचा कसा?" म्हणत त्यांनी पाय सोडवून घेतले. मग तिनं लुगड्याच्या लाल काठातले धागे दातांनी ओढून काढले, लोकरीला देतात तसा मांडीवर पीळ दिला आणि नवऱ्याच्या तापलेल्या मनगटाला दोरा बांधला. सकाळी मोठे डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, "गुण सिद्ध झाला. राहिलेल्या सगळ्यांना आजच सुई द्या." तरुण डॉक्टर सुई भरून बिरप्पाच्या खाटेशी आला. दोरा त्याच्या नजरेतून सुटू नये म्हणून मायाक्कानं नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी उचलून धरला. "हाय की दोरा! ह्यो बगा, सायेब!" त्यानं दोरा पाहिला, मान डोलावली आणि भरलेली सुई घेऊन तो पुढच्या खाटेकडं वळला.