खांबावरची पॅस्टी

पणजोबा जेबेझ यांनी ऑस्ट्रेलियातल्या मॅली निलगिरीची झुडपं मुळासकट उपटून हा गव्हाचा माळ तयार केला, आणि पहिल्याच पेरणीत नांगरामागे कोसळून ते गेले. मांस-बटाटा भरून करंजीसारखी मुडपलेली त्यांची पॅस्टी कुंपणाच्या खांबावर अर्धीच राहिली. कोणाची कोणती ते कळावं म्हणून तिच्या कोपऱ्यावर त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर उमटवलेलं होतं.

दर पेरणीला त्यांची पणती टॅमसिन तशीच एक पॅस्टी भाजून खांबावर ठेवायची. कधी न पाहिलेल्या माणसासाठी इतका जीव का तुटतो, हे तिलाच कळत नसे.

"ताई, तुझे कावळे बाळसं धरायला लागलेत!" धाकटा डेन्झिल ट्रॅक्टरवरून ओरडला.

"तुझ्यापेक्षा बरे. खाऊन नावं तरी ठेवत नाहीत."

दुपारी ती खांबापाशी गेली. पॅस्टी कुणीतरी माणसासारखं दातांनी चावून खाल्ली होती. घरातले सगळे खातात तशी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करून अक्षराचा कोपरा तेवढा राखला होता.

शेजारी आणखी एक अख्खी पॅस्टी होती. टॅमसिनने तर सकाळी एकच भाजली होती.

हिच्या कोपऱ्यावर टॅमसिनच्या नावाचं अक्षर होतं.

पॅस्टी गरम होती. मागून डेन्झिल हाका मारत होता. टॅमसिनने दुसऱ्या टोकाकडून पहिला घास घेतला.