धारेची मूठ

"तीन आठवड्यांत मला धार काढता आली पाहिजे," जिममध्ये शिरताच शेवंताक्का म्हणाली.

"सुरीला?" शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं.

"म्हशीची, बये! दूध पिशवीत उगवतं व्हय तुमच्यात?"

अक्काच्या मनगटाचं प्लास्टर निघालं होतं, पण मुठीत जोर राहिला नव्हता. म्हैस दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देईना; दूध काय ते रेडकूच पीत होतं. तीन आठवड्यांत मुठीत जोर आला नाही तर लेक म्हैस बाजारात उभी करणार होता. म्हैस गेली की गोठा गेला, आणि गोठा गेला की घरातला अक्काचा शब्दही गेला.

मॅडमनी हातात स्प्रिंगचा चिमटा दिला. "अंगठा बाहेर ठेवा, अक्का."

"धारेला अंगठा आत मुडपायचा असतोय. म्हैस तुझं ऐकणार न्हाई." चिमटा मात्र तिनं रोज बोटं बधिर होईपर्यंत दाबला.

तिसऱ्या शनिवारी ती म्हशीखाली बसली. दोनदा बोटं घसरली. मग म्हशीनं पान्हा सोडला आणि चरवीत धार वाजू लागली. फेस काठापर्यंत आला तेव्हा कुठं अक्का उठली.

"उद्या बाजाराला जा," ती लेकाला म्हणाली, "पण एकटा जा. येताना पेंड आण."